पाखडलेली माती

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं त्या सबंध पावसाळ्यात तपकिरी होती — मेंदीची लाडिक तपकिरी नव्हे, बिबव्याचा डाग उतरावा तशी चिवट, जांभळट, नखांच्या कडांशी काळवंडत गेलेली. आणि त्यांना वास यायचा दवाखान्यातल्या टिंक्चरचा, त्याच्या मागून कुजक्या पानांचा, आणि अगदी नाकाशी धरल्यावर ओल्या लोखंडाचा. वर्गात बाईंनी एकदा माझा हात उताणा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "काऊन वं पंचशीला, बिड्या ओढून राह्यली का?" वर्ग फिदीफिदी हसला. मी मान ताठ करून म्हणाले, "नाई बाई. वाणी पाळून राह्यली." त्यावर वर्ग जो हसला तो मधल्या सुट्टीपर्यंत हसत राहिला, आणि बिड्यांचीच कबुली देऊन टाकली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

वाणी म्हणजे काय, हे ज्यांच्या घराच्या भिंती आता गुळगुळीत झाल्या आहेत त्यांना सांगायला हवं. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर, पायरीच्या फटीत, सरपणाच्या ढिगाखाली निघणारा हा किडा... काळसर-तांबूस, पेन्सिलीएवढा जाड, कड्याला कडं जोडत केलेला देह, आणि खाली लालसर पायांची इतकी दाट झालर की तो चालू लागला म्हणजे धानाच्या बांधीवरून वारा जावा तशी एक लाट मागून पुढे सरकत जाते. हात लावला की गोल वेटोळं करून मेल्याचं सोंग घेतो. गोम वेगळी, ती चपटी, चपळ आणि चावरी. वाणी बिचारा गरीब, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फारच छेडलं तर अंगातून पिवळट थेंब सोडतो, त्याचाच तो डाग. ते बोट डोळ्याला लावू नये. लावलं तर काय होतं, हे मी लावून पाहिलेलं आहे.

लोक पोपट पाळतात, ससे पाळतात. मला वाणी पाळायचे होते. आणि नुसते पाळायचे नव्हते, त्यांची पिल्लं पाहायची होती. का, ते विचारू नका. मी स्वतः त्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीला अजून विचारते आणि ती अजून खांदे उडवते. भारी शहाणी होती ती. आज कुठे हाती लागली तर आधी तिच्या दोन्ही वेण्या ओढीन, मग एकेक गोष्ट समजावून सांगीन. आणि मला खात्री आहे, ती अर्धं ऐकून पळून जाईल.

ही ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही चंद्रपूरजवळच्या मूल गावी राहायचो. बाबा राइस मिलमध्ये फिटर होते, आणि त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी घरात कोंड्याचा गोडसर, घशात बसणारा वास शिरे. तो बाहेरच्या बाहेर झटकून टाकायला माय दारातच ओलं फडकं घेऊन उभी असे. मायचं झाडणं ही आमच्या गल्लीतली एक घड्याळासारखी घटना होती. अंगणात खराटा फिरे तो नुसता कचरा काढायला नव्हे. मागे अर्धगोल रेघांची अशी नक्षी उमटे की त्यावर पहिलं पाऊल टाकायला जीव होत नसे. दर आठवड्याला सारवण, भिंतींना चुना, भांड्यांना राख, आणि आम्हा पोरांना... आम्हालाही राखच. माझ्या त्या डागाळलेल्या बोटांवर रोज सकाळी शाळेच्या आधी राख, चिंच आणि नारळाची शेंडी चाले. माय माझं मनगट असं धरी की सुटका नसे. मी किंचाळे, डाग हसे.

मायच्या लहानपणी त्यांच्या घराने दीक्षा घेतली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं म्हणे, की आता कुणाला आपल्या घराकडे बोट दाखवायला जागा राहू द्यायची नाही. हे वाक्य तिने गळ्यात ताईत बांधावा तसं बांधून घेतलं होतं. घरातला प्रत्येक कोपरा ती परक्याच्या डोळ्यांनी पाही. मला हे तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळे की जगातल्या सर्वांत स्वच्छ घरात मला जगातला सर्वांत घाण आवडणारा किडा वाढवायचा आहे.

पहिली खेप तर बोलूच नये अशी गेली. अंगणातले वाणी गोळा करून मी ते काचेच्या बरणीत घातले, खाली दोन बोटं वाळू पसरली, वर हिरवीगार कोवळी पानं ठेवली, सजावट म्हणून, आणि बरणी उन्हात ठेवली... त्यांना थंडी वाजेल म्हणून! दुपारपर्यंत सगळे गेले. वाण्याला ऊन म्हणजे तवा. त्याला हिरवं पान नको, मेलेलं, कुजलेलं, बुरशीने जाळी पडलेलं पान हवं. वाळू तर काहीच कामाची नाही. माती हेच त्याचं घर आणि तेच त्याचं ताट. हे एवढं साधं, पण ते शिकायला मला एक बरणीभर प्रेतं लागली, आणि वर मायच्या लोणच्याची बरणी बाटवली म्हणून पाठीत धपाटा मिळाला, तो वेगळाच.

मग कुरखेड्याकडच्या मामाच्या गावी गेले असता पडलेल्या मोहाच्या खोडाखाली मला खरे राजबिंडे वाणी सापडले. अंगठ्याएवढे जाड, चकाकणारे, तेल लावून बसल्यासारखे. ते मी मामीच्या फुटक्या गडव्यात, वर पळसाचं पान बांधून, एसटीत मांडीवर घेऊन आणले. आणि या खेपेला मी अक्कल चालवली. माझी मैत्रीण मुमताज, तिचे वडील डबे-पिपे झाळायचे, कंदील दुरुस्त करायचे. त्या चाचांनी तेलाच्या पिप्याचा आडवा डबा कापून दिला, कडा दुमडून, झाकणाला खिळ्याने भोकं पाडून. मी विचारलं, कशासाठी ते नाही का विचारणार? तर म्हणाले, "बेटा, मैं पूछूँगा तो तेरे को बताना पड़ेगा, और फिर मेरे को डर लगेगा."

त्या डब्यात मी वीतभर माती भरली. वीतभर हे लक्षात ठेवा. जेवढा वाणी लांब, निदान तेवढी खोल माती हवी, कारण त्याची सगळी महत्त्वाची कामं जमिनीखाली चालतात. माती मामाकडची, मोहाच्या खोडाखालचीच, हाताने मूठ वळली तर वळावी पण पाणी ठिबकू नये इतकी ओली. त्यात पांढरं पडलेलं, बोटाने चुरडलं तर चुरडेल असं कुजकं लाकूड. वर आंब्याची, मोहाची वाळून भिजलेली पानं. सागाची नको, ती चामड्यासारखी, वाणीही तोंड वेंगाडतात. आठवड्यातून कधी काकडीची फोड. शिळा भात मात्र देऊ नये. मी मायेने दिला, आणि दोन दिवसांत डब्यात पांढऱ्या केसाळ बुरशीचं जंगल उगवलं. आणि चुना हवा, कारण ते कडं कठीण व्हायला लागतो. इथे माझ्या बुद्धीने पुन्हा एक कोलांटी घेतली: मी चुना म्हणजे पानाला लावायचा ओला चुना समजले आणि चांगला बोटभर लावून दिला. जो वाणी त्यावरून गेला, तो पुढे गेला नाही. शेवटी शाळेतल्या खडूचे तुकडे आणि अंड्याची चुरलेली टरफलं यांवर भागलं.

नर-मादी ओळखणं हे मला कुणी शिकवलं नाही. बाटलीच्या काचेवर त्यांना चढवून खालून पाहता पाहता दिसलं. डोक्याकडून मोजत गेलं तर सातव्या कड्याशी नराच्या पायांच्या झालरीत एक खिंड असते, दात पडावा तशी. मादीची झालर सलग. मला जेव्हा खिंडवाले आणि सलग, दोन्ही सापडले, तेव्हा मी आणि मुमताज डब्यापुढे पालथ्या पडून राहिलो. एका दुपारी एक नर मादीच्या पाठीवर चढून, पायांची लाट लाटेवर ठेवत, तिच्याबरोबर चालत गेला आणि तिच्या डोक्याशी येऊन थांबला. मुमताज कुजबुजली, "अगे, रेलगाड़ी पे रेलगाड़ी." आणि मग दोघींना काय ते कळल्यासारखं, आणि काहीच न कळल्यासारखं, हसू आवरेना.

आता पिल्लं होणार... मी वाट पाहू लागले.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी समोरच्या घरच्या पाटलीणबाई आमच्या छपरीत आल्या. त्या कधी येत नसत. त्या दिवशी आमच्या बकरीने त्यांची शेवंती खाल्ली म्हणून सांगायला आल्या होत्या. माय पदर सावरून उभी राहिली, बसायला पोतं अंथरलं, त्या बसल्या नाहीत. आणि तेवढ्यात मी झाकण नीट न लावल्याचं फळ म्हणून माझ्या वाण्यांतला सगळ्यांत थोरला, मायने दोनच दिवसांपूर्वी चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंतीवरून, सावकाश, आपली सगळी लाट दाखवत निघाला. पाटलीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं.

"कितीबी सारवा, बाप्पा," त्या म्हणाल्या, "तुमच्या लोकायच्या घरी जीवजंतू निघतेच."

माय बकरीबद्दल तेवढं म्हणाली, बांधून ठेवतो. त्या गेल्यावर तिने थोरल्याला सुपलीत घेतलं, माझ्यापुढे आणून ठेवलं आणि खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, दमल्यासारखी दिसत होती.

"कशाले पाळून राह्यली हे?"

"पिल्लं पाहाची हायेत."

"मंग पाह्य. धान कापेलोक पाह्य. पिल्लं दिसली त राहू दे, नाई दिसली त डबा खड्ड्यावर. अन् तोवर डबा साफ पाहिजे. आतून-बाहेरून. माह्या चुलीसारखा."

ही शर्त, कापणी संपेपर्यंतची. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यांत कष्टाची, सगळ्यांत मूर्ख मेहनत इथून सुरू होते.

आमच्या मुलुखात पोरगी चालू लागली की तिच्या हातात सूप येतं. तांदूळ पाखडणं, कणी वेगळी करणं, खडे मागे सारणं, कोंडा फुंकरीने उडवणं यात मी माझ्या वयाच्या पोरींत नावाजलेली होते. शेजारच्या बाया स्वतःचं सूप माझ्यापुढे ठेवून जात. तर मी दर रविवारी काय करायची? डबा अंगणात आणायची, वाणी एका टोपलीत बाजूला ठेवायची आणि सगळी माती सुपात घेऊन पाखडायची. हो, पाखडायची! वरची पानं वेगळी, लाकडाचा चुरा वेगळा, मऊ माती वेगळी, आणि सुपाच्या कडेशी जमणाऱ्या गोल गोल, मोहरीहून थोड्या मोठ्या, एकसारख्या गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्या म्हणजे लेंडकं, अशी माझी पक्की समजूत. ढीगच्या ढीग निघत. मी त्या सगळ्या झाडून, वेचून, शेवटची गोळीसुद्धा नखाने उचलून सुपलीत भरायची आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या मायच्या गोडलिंबाखाली ओतून यायची. खत म्हणून. माय डबा पाही, बोट फिरवी, म्हणे, "हं." तो "हं" मिळावा म्हणून मी जीव काढी.

मुमताज म्हणे, "इतना साफ तो हम ईद में भी नहीं रहते."

आणि पिल्लं होत नसत. भादवा गेला, पिल्लं नाहीत. मी काकडीच्या जागी काशीफळ दिलं, नाहीत. डबा खाटेखाली सरकवला, चुलीजवळ सरकवला, पुन्हा खाटेखाली, नाहीत. मला वाटलं, कमी साफ राहतंय. म्हणून मी रविवारबरोबर गुरुवारीही पाखडू लागले! एकदा मातीत खोल, सुपारीएवढ्या पोकळीत, एक वाणी पांढुरका, मऊ, निर्जीव पडलेला दिसला. मेलाच, असं समजून मी त्याला बाहेर काढलं आणि जिवात जीव यावा म्हणून ऊन दाखवलं. उन्हाचा धडा मी एकदा घेतला होता ना? पण घाबरलेल्या माणसाला धडे आठवत नाहीत. तो मेला नव्हता. कात टाकत होता. वाणी कात टाकायला असा स्वतःला पुरून घेतो, आठवडेच्या आठवडे, आणि त्या काळात त्याला हात लावणं म्हणजे त्याला मारणं. बाहेर आला नाही तर समजावं की बरं चाललंय. हे वाक्य मी आता किती शांतपणे लिहिते आहे! तेव्हा मी डब्यापुढे बसून त्यांना शिव्या दिल्या, लाडाने समजावलं, बाबांना विचारलं. बाबा कोंड्याने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणाले, "मिलमधी एखादा पट्टा फिरून नाई राह्यला त आम्ही पयले एकच काम करतो. हात काढून घेतो." मी ते ऐकलं, आणि जाऊन पुन्हा पाखडलं.

दिवाळीनंतर कापणी लागली. माय दुसऱ्यांच्या बांध्यांत धान कापायला जाई. येताना केसांत तणसाच्या काड्या, पायांना चिखल वाळून भेगाळलेला, अंगाला पिकल्या धानाचा तो उष्ण, गोड, थोडा खाजरा वास. कापणीच्या शेवटच्या दिवशी तिने आल्या आल्या विळा छपराला खोचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी डबा उचलला, मागच्या खड्ड्यावर नेला आणि उपडा केला. वाणी वेटोळी करून पडले, थोड्या वेळाने सैलावले आणि कुठलीही घाई न करता, मी कोण याची जराही दखल न घेता, कचऱ्यात शिरले. मी रडले ते त्यांच्यासाठी नव्हे. मी इतकं सगळं बरोबर केलं होतं, त्यासाठी.

डबा मायने राखेने घासला आणि त्यात वर्षाचं तिखट भरलं. पुढचे कित्येक महिने आमच्या घरच्या प्रत्येक भाजीत माझा पराभव पडत होता. मी मायशी बोलत होते, पण पाणी दे, वाढ, जाते... एवढंच.

पुढच्या आषाढात, एका उघडिपीच्या सकाळी, माय गोडलिंबाला आळं करत होती. "पंचे," तिने हाक मारली, "इथी ये."

मी मुद्दाम सावकाश गेले. तिने खुरप्याच्या टोकाने छपरावरून पडलेलं एक ओलं कवेलू उचलून धरलं होतं. खाली काळीभोर, फुसफुशीत माती होती आणि त्या मातीत, शिवणाच्या दोऱ्याएवढे, कुणी दुधाळ, कुणी फिकट तांबूस... हलत होते. कुणाला पायांची झालर नुकती फुटल्यासारखी. एक होता तो इतका लहान की आधी मला तो मुळाचा केस वाटला, आणि मग त्या केसाने गोल वेटोळं केलं.

"हे तुहे नोहेत?" माय म्हणाली.

मी बसले. कवेलूखालच्या मातीत माझ्या त्या गोळ्या होत्या. काही अजून अख्ख्या, पुष्कळ फुटलेल्या, एका बाजूने भोक पडलेल्या. मोठे वाणीही तिथे वळवळत होते. खड्ड्यावरून ते इथेच येऊन राहिले असावेत. मी एक अख्खी, ताजी गोळी उचलली आणि नखाने फोडली. आत, मऊ अस्तरात, खसखशीच्या दाण्याएवढं एक पांढरं अंडं होतं.

मादी एकेक अंडं घालते आणि प्रत्येकाला आपल्या चघळलेल्या मातीचं, विष्ठेचं घर बांधते, वरून पाहणाऱ्याला ती लेंडीच वाटावी असं. आणि तीच विष्ठा, तीच कुजकी माती पिल्लांचं पहिलं खाणं. म्हणजे मी दर रविवारी — आणि गुरुवारी — सुपाने, सगळ्या गल्लीत नावाजलेल्या माझ्या हाताने, डब्यातलं एकेक अंडं निवडून बाहेर फेकलं होतं. एकही राहू दिलं नव्हतं. इतकं निगुतीने काम कुणी केलं नसेल.

"मी साफ करत होती ना," मी ओरडले. "तूच म्हणे का साफ ठेव. चुलीसारखा ठेव म्हणे!"

"मले काय मालूम? तूच म्हणे लेंडकं हायेत."

"तुले साफ पाहिजे होतं!"

मायच्या हातातलं कवेलू तसंच उचललेलं होतं. मग ती म्हणाली, "साफ पाहिजे होतं, हाव." आणि एखादं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं तिने ते कवेलू परत जागेवर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून अंगणात आले. खराट्याच्या अर्धगोल रेघा नेहमीसारख्याच होत्या, दारापासून कुंपणापर्यंत, एकावर एक, चुकूनही न तुटलेल्या. पण गोडलिंबाशी येऊन त्या थांबल्या होत्या. सुपाएवढी जागा सोडून खराटा वळला होता. तिथे पानं पडली होती, काड्या होत्या, कालचा चिखल होता. ती जागा समोरच्या छपरीतून सरळ दिसायची. पाटलीणबाई रोज सकाळी त्या छपरीत तांब्या घेऊन बसत. त्यांनी पाहिली असणारच. आणि त्यांनी पाहिली हे मायने पाहिलं असणारच. तरी पावसाळाभर, आणि पुढच्या पावसाळ्यातही, खराटा तिथे वळतच राहिला. मी तेव्हा एवढंच केलं की पाणी दे, वाढ, जाते यांच्यापुढचं पुन्हा बोलायला लागले.

मूलचं ते घर आता नाही. बाबांच्या मागे ते विकलं, अंगणाच्या जागी कुणाचं तरी दुकान आहे, आणि खाली सिमेंट. माय शेवटची वर्षं चंद्रपुरात माझ्याजवळ होती. फरशीचं घर तिला झाडायला काही उरवत नसे, तर ती पदरानेच टीपॉय पुसत बसे. गोडलिंबाचं एक मुळाशी फुटलेलं पोर मी घर विकतानाच मातीच्या गोळ्यासकट आणून कुंडीत लावलं होतं. ते अजून गॅलरीत आहे, आणि पावसाळ्यात त्या कुंडीत कधीमधी एखादा दोऱ्याएवढा जीव वळवळतो. मी कुंडीभोवती झाडते. कुंडीत नाही.

आणि आता माझी नात सानू. तिने कुठेतरी मोबाइलवर पाहिलं आणि हट्ट धरला, आजी, मला मिलिपीड पाळायचे. म्हटलं, बाई, हे रक्तात आलं की काय! माझ्याच हाताने काचेची पेटी भरून दिली. वीतभर माती, कुजकं लाकूड, आंब्याची पानं, अंड्याची टरफलं, वर चार-सहा मोठे वाणी. सगळं शिकवलं, सगळं बजावलं. उकरू नको. पुसू नको. चमचा घालू नको. दिसले नाहीत तर बरं चाललंय असं समज. पोरगी गुणाची, माझ्यासारखी नाही, तिने ऐकलं. लांबून पाहते, झाकण लावते, अभ्यासाला बसते. पण पेटी भरून आता महिने लोटले, काकडी तशीच सुकते, आणि पिल्लू म्हणून काही दिसत नाही. कुणाला धीर धरवतो? त्यांचे नर नर आहेत की नाहीत तेही मी चष्मा लावून नीट पाहिलेलं आहे. खिंड आहे. सगळं आहे. तरी नाही.

परवा सानू शाळेत गेल्यावर मी स्वयंपाकघरातून चहाचा चमचा आणला. एकाच कोपऱ्यात, अगदी वरवर... फक्त गोळ्या आहेत का तेवढं पाहायचं होतं. आधी चमच्याने, मग चमचा नको, मोडेल काहीतरी, म्हणून बोटांनी. माठाखाली हात घालावा तशी ती माती गार आणि ओली होती. किती वेळ गेला कळलं नाही.

"आजी," दारातून आवाज आला, "तू उकरून राह्यली?"

"नाई," मी म्हटलं. "विचारपूस करून राह्यली."

तिने दप्तर टाकलं, जवळ येऊन माझा हात उताणा केला, उजेडात धरला. "ई, आजी. दवाखान्यासारखा वास येऊन राह्यला. अन् हे काय झालं? जा, धू लवकर."

मी मोरीत गेले. नळ सोडला. तीन बोटं तपकिरी, नखांच्या कडांशी जांभळट, अगदी त्याच जागी. साबण समोर होता, घासणीही होती. हा डाग साबणाने जात नाही, राखेने जात नाही, चिंचेने जात नाही. कातडी आपणहून झडते तेव्हाच जातो, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि मायलाही तेव्हाच ठाऊक झालं असणार. तरी ती रोज घासायची.

मी डावा हात उजव्या मनगटाभोवती तिच्यासारखा आवळून पाहिला. तसं जमलं नाही. मग नळ बंद केला.